किलो मोजता, पोरं कोण मोजणार?

ऑगस्ट २०२३च्या शेवटच्या आठवड्यात, नारळी पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आलेली असताना, श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर चरसची पाकिटं लागली. त्याच्या पंधरवडाभर आधी दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशीकडे तसलीच पाकिटं लागली होती. मग हरिहरेश्वर, मारळ, वर मुरूड तालुक्यात कोर्लई, असं करत रोज कुठून ना कुठून गोणी सापडल्याची बातमी येत राहिली. रायगड आणि रत्नागिरी, दोन्ही जिल्हे मिळून शेकडो किलो माल निघाला. भर पावसात खडपांतून, खाजणातून हिंडून शिपायांनी आणि कस्टमच्या माणसांनी किनारा पिंजून काढला. त्या कष्टांबद्दल मला एक अक्षरही वावगं बोलायचं नाही. माझं भांडण आहे ते अशा प्रत्येक कारवाईनंतर जे टेबल मांडलं जातं त्याच्याशी.

ते टेबल तुम्ही पेपरात पाहिलेलं आहे. पांढरी चादर, तिच्यावर पाकिटांची नीट रचलेली रास, मागे गणवेशातली रांग, आणि हातात आलेल्या पत्रकात दोन आकडे: वजन किती आणि आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत किती. पत्रकार ते दोन आकडे उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी मथळा होतो, पालकमंत्री अभिनंदन करतात आणि विषय संपतो. जो माल समुद्राने बाहेर फेकला, जो एकाही माणसाने ओढला नाही, ज्याने एकही घर मोडलं नाही, त्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत. आणि त्याच आठवड्यात याच रायगड जिल्ह्यात जो माल ओढला गेला, नाकात गेला, नसेत गेला, त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग, उरण या तालुक्यांत किती पोरं गांजावर आहेत, एमडी, म्हणजे मेफेड्रोन, कुठल्या गावापर्यंत पोचली, पहिली पुडी कितव्या वर्षी हातात पडते, ती देतो कोण, सुटायला कोणी मदत मागितली तर ती मिळते का? एवढं साधं माहीत नसताना तुम्ही कसलं धोरण राबवता? आजार किती पसरलाय हे न बघता औषधाच्या गोण्या मागवणाऱ्या डॉक्टरला आपण दारात उभं करणार नाही.

देशाकडे आकडे नाहीत असं नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली आणि २०१९ साली अहवाल दिला. १० ते ७५ या वयातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, ३ कोटींहून जास्त लोक भांग-गांजा-चरस घेतात, सव्वादोन कोटींहून जास्त लोक अफू आणि तिच्यापासून बनलेले पदार्थ घेतात, असं त्यात आहे. हुंगायच्या नशेत, म्हणजे सोल्यूशन, व्हाइटनर यांत, मुलांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट निघालं. मला सर्वांत जास्त चटका लावणारी ओळ उपचारांची आहे: दारूचं व्यसन जडलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसली तरी मदत मिळाली, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. बेकायदा नशेत अडकलेल्यांमध्ये दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस विसांत एक. हा अहवाल सरकारचाच आहे. पण त्यातले अंदाज राज्यापाशी येऊन थांबतात. त्याच्या खाली, जिल्हा आणि तालुका या पातळीवर, जिथे तहसीलदार आहे, गटशिक्षणाधिकारी आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे आणि खरोखर काही करता येतं, तिथे कोणी पुढे मोजायला गेलंच नाही.

हा किनारा सरकारने कायम दुर्बिणीतून पाहिला. १९९३च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली, त्या मालाने १२ मार्चला मुंबई हादरली. पुढे टाडा न्यायालयात कस्टमचे आणि पोलिसांचे लोकही दोषी ठरले. पैसे घेऊन वाट देणारे सरकारी नोकर होते. बदनाम मात्र अख्खा श्रीवर्धन तालुका झाला, आणि आजही तिकडचं पोर मुंबईत भाड्याने खोली शोधायला गेलं की गावाचं नाव सांगताना चाचरतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट वाहत आली, आत तीन एके-४७ सापडल्या, पुन्हा नाकाबंदी. अशा प्रत्येक वेळी किनाऱ्यावरचा माणूस सरकारला दोनच रूपांत दिसतो, खबऱ्या नाहीतर संशयित. ज्याचं पोर बिघडलंय असा बाप म्हणून तो दिसत नाही.

बरं, माल येतो कुठून, हे तरी या दुर्बिणीतून धड दिसतं का? जवाहरलाल नेहरू बंदर उरण तालुक्यात आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तिथे ऑगस्ट २०२०मध्ये १९१ किलो हेरॉईन पकडलं. जुलै २०२१मध्ये जवळपास ३०० किलो. सप्टेंबर २०२२मध्ये ज्येष्ठमधाच्या काड्यांवर हेरॉईनचा लेप दिलेला अख्खा कंटेनर निघाला, तोही दिल्लीहून पोलीस आले तेव्हा. डिसेंबर २०२३मध्ये खोपोलीजवळ ढेकूला एमडीचा कारखानाच सापडला, शंभर कोटींच्या वरचा माल. जुलै २०२५मध्ये महाडच्या औद्योगिक पट्ट्यात केटामाइन, ८८ कोटींच्या वर. शेजारी पुणे जिल्ह्यात कुरकुंभला फेब्रुवारी २०२४मध्ये जे निघालं त्याची किंमत हजारो कोटींत सांगितली गेली. एमडी काही अफगाणिस्तानातून होडीत बसून येत नाही. ती आपल्या एमआयडीसीत शिजते. रोहा, महाड, पाताळगंगा, तळोजा, या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, त्यांतले काही बंद पडलेले, काही भाड्याने दिलेले. अशा शेडमध्ये कुठलं रसायन किती टनांनी आलं, वीज कोणाच्या नावावर किती जळली, रात्रपाळीला कोण येतं, हे तपासायला कारखाना निरीक्षक आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, एमआयडीसीचं कार्यालय आहे. ढेकूचा कारखाना उघडकीला आला तेव्हा या तिन्ही खात्यांतल्या कोणाची मान खाली गेली? शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर एका गुंठ्याची चूक शोधणारं सरकार कोट्यवधींच्या विषाची भट्टी पेटलेली असताना झोपा काढत होतं, आणि जाग आल्यावर टेबल मांडून फोटो काढून घेतला.

आता या आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला या.

आमच्या ओळखीत एक बाई आहे. बाजारात सुकट, बोंबील, आंबाड विकायला बसते. मुलगा विशीतला. होडीवर जाईना, कारण जाळ्यात काही येत नाही आणि डिझेलचा खर्च निघत नाही. एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर केअरटेकर म्हणून लागला. शनिवार-रविवार पाहुणे येत. त्यांनी आधी त्याला माल आणायला धाडलं, मग टिप म्हणून त्यातलाच थोडा दिला. सहा महिन्यांत पोराचे गाल बसले, झोप उडाली, आईच्या गळ्यातलं गेलं. एक दिवस पोलिसांनी उचलला. खिशात चिमूटभर. चौकीत सांगितलं, कबूल कर, दंड भर, सुटशील. त्याने कबूल केलं, आईने सोसायटीतून कर्ज काढून दंड भरला. पोरगा सुटला आणि कायमचा गुन्हेगार झाला. आता पासपोर्ट नाही, त्यामुळे बोटीवरची, आखातातली नोकरी नाही. मग कोणी तरी तिला एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला. रात्री गाडी आली, चार माणसं उतरली, पोराला अंथरुणातून उचलून घेऊन गेली. तीन महिने भेट नाही, फोन नाही, दर महिन्याला पैसे. परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. डॉक्टर होता का, असं विचारलं तर म्हणाला, सकाळी प्रार्थना होती. आठवड्याभरात तो पुन्हा त्याच बंगल्याच्या फाटकाशी.

त्या बाईला चौकीत कोणी सांगितलं नाही, कोर्टात कोणी सांगितलं नाही, की १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४-अ नावाचं कलम आहे. थोड्या मालासकट सापडलेला व्यसनी माणूस सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल आणि ते उपचार पुरे करील, तर त्याच्यावरचा खटला चालवू नये, असं ते कलम म्हणतं. कलम ३९ आहे, शिक्षेऐवजी उपचारांना पाठवायचा अधिकार न्यायाधीशाला देणारं. कलम ७१ आहे, सरकारला उपचार केंद्रं काढायचा अधिकार देणारं. म्हणजे ज्याला तुम्ही कडक कायदा म्हणून मिरवता, त्याच्या पोटात दया लिहून ठेवलेली आहे. ती वापरायची कोणी? सरकारमान्य ठिकाणच आवाक्यात नसेल तर कलम ६४-अ मागायचं कुठे? श्रीवर्धनच्या बाईने पोराला घेऊन ताम्हिणी चढून पुण्याला जायचं? आणि मासळीचा बाजार सोडून ती तिथे किती दिवस राहणार?

हा एकट्या पोराचा प्रकार नव्हे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेली दहा हजारांवर प्रकरणं तपासली. जवळजवळ सगळी सेवनाची किंवा स्वतःपुरता माल जवळ बाळगल्याची, त्यांतली बहुतेक गांजाची. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला. आणि पकडलेले कोण? रोजंदारीवाले, झोपडपट्टीत राहणारे, फूटपाथवर झोपणारे. दहा हजार प्रकरणांत कायद्याच्या जाळ्यात मासा म्हणावा असा मासा लागतच नाही. सगळी कोलीम. हे जाळं विणणाऱ्यांना विचारायला हवं की तुम्हाला पकडायचं कोणाला आहे? २०२१च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच सुचवलं होतं की स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचारांकडे पाठवावं. त्याच डिसेंबरमध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली खरी, पण ती जुन्या मसुद्यातली एक चूक निस्तरण्यापुरती. सूचना जिथल्या तिथे राहिली.

आणि संशोधन करून धोरण ठरवणं हे परक्यांचं फॅड आहे असं कोणी समजू नये. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा-भांग-चरस यांवर आयोग नेमला. त्या आयोगाने मुंबई इलाख्यासकट देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, वैद्य, डॉक्टर, बैरागी, शेतकरी, तुरुंगाधिकारी, सगळ्यांना विचारलं, आणि १८९४ साली सांगितलं की बेताने घेणाऱ्यांत मोठं नुकसान दिसत नाही, अतिरेक करणाऱ्यांत दिसतं, सरसकट बंदी घालू नये, नियंत्रण ठेवावं. त्या निष्कर्षाशी तुम्ही सहमत व्हा असं मी म्हणत नाही. आजची एमडी म्हणजे तेव्हाची भांग नव्हे. पण आधी विचारा, मोजा, मग ठरवा, एवढी रीत परक्या सरकारनेही पाळली होती. आपल्या लोकनियुक्त सरकारांना ती जड जाते.

दर २६ जूनला जागतिक अमली पदार्थविरोधी दिन येतो. आपल्याकडे पाऊस धो धो कोसळत असतो आणि सातवी-आठवीची मुलं हातात फलक घेऊन बाजारपेठेतून फिरवली जातात. मग सभागृहात साहेबांचं भाषण, सुटलेल्या एखाद्याची करुण कहाणी, शपथ, आणि अहवालात विद्यार्थ्यांची संख्या. १५ ऑगस्ट २०२०ला सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाची प्रगतीही अशीच किती जणांनी शपथ घेतली यावर मोजली जाते. या विषयावर जगभरचा अभ्यास गोळा करून संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधाचे निकष छापले आहेत, २०१३ साली आणि पुन्हा २०१८ साली. त्यांत स्वच्छ लिहिलंय की मुलांना घाबरवणं, एखाद-दुसरं भाषण, माजी व्यसनींच्या आत्मकथा, यांनी फरक पडत नाही, कधी कधी उलटच होतं. अमेरिकेत १९८३पासून पोलीस वर्गावर पाठवून कोट्यवधी मुलांना शिकवलं गेलं. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं यांच्या नशेत सांगण्यासारखा फरक नाही. तिकडे हा प्रयोग फसला हे सिद्ध झाल्यावरही तोच आपण इथे इमानेइतबारे गिरवतो आहोत. तेरा वर्षांच्या मुलीला पावसात भिजवून तुम्ही गांजा विकणाऱ्याचं काहीही बिघडवलेलं नाही.

मग काय चालतं? आइसलँड हा समुद्रावर, मासेमारीवर वाढलेला छोटा देश. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ साली हा आकडा ५ टक्क्यांवर आला. गांजा ओढून पाहिलेल्यांचं प्रमाण १७वरून ७ टक्क्यांवर, रोज सिगारेट ओढणाऱ्यांचं २३वरून ३ टक्क्यांवर. हे छापे घालून झालेलं नाही. त्यांनी शाळाशाळांत दरवर्षी निनावी प्रश्नावली भरून घेतली. संध्याकाळी कुठे असतोस, आईवडिलांबरोबर किती वेळ जातो, मित्र काय घेतात, घरात भांडणं आहेत का. आणि उत्तरं धूळ खात न ठेवता काही आठवड्यांत त्याच शाळेच्या, त्याच गावाच्या हातात दिली. मग ज्या गावाला जे कमी होतं ते तिथे पुरवलं. खेळ, संगीत, नाच यांचे वर्ग, त्यांसाठी प्रत्येक मुलामागे नगरपालिकेचं अनुदान. पालकांनी एकत्र बसून करार केले की आपली पोरं रात्री अमुक वाजल्यानंतर बाहेर दिसणार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं.

आपला जिल्हा आणि आइसलँड यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, मला ठाऊक आहे. पण यातलं कुठलं काम आपल्याला झेपणारं नाही, ते मला दाखवा. प्रश्नावली छापायला आणि भरून घ्यायला जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, ते जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं मोजतातच. आणि खेळ? रायगडाएवढं कबड्डीवेडं दुसरं ठिकाण दाखवा. अलिबाग, पेण, रोहा भागात गाव तिथे संघ आहे. पाटीवर सफाईने चढाई करणारी पोरं आहेत. त्यांना काय मिळतं? हिवाळ्यात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा प्रकाशझोतातला सामना, लाखाचं बक्षीस, आणि सामना संपला की त्याच मैदानामागे दारूची खोकी फुटतात. बाकीचे दिवस मैदानावर अंधार. प्रशिक्षक नाही, मॅट नाही, मुलींना तर संध्याकाळी तिथे पायही ठेवता येत नाही. एका सामन्याच्या मंडपाच्या खर्चात वर्षभराचं वीजबिल आणि एका प्रशिक्षकाचं मानधन निघतं. हा पैसा अमली पदार्थविरोधी खर्च आहे असं मी म्हणतो, आणि तो त्याच खात्यात धरावा.

दारूचं नाव मी मघापासून मधेमधे घेतोय, आता सरळ घेतो. एम्सचा अहवाल हातात धरला तर या देशातली सर्वांत मोठी नशा बाटलीत आहे. राज्यघटनेचं कलम ४७ सांगतं की सरकारने मादक पेयं आणि आरोग्याला घातक पदार्थ यांची बंदी आणण्यासाठी झटावं. महाराष्ट्र सरकारने जून २०२५मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं, का, तर वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळावेत म्हणून. दारू महाग करावी हे शास्त्राला धरूनच आहे, किंमत वाढली की पिणं घटतं असं जगभरचे अभ्यास सांगतात. पण मग त्या १४ हजार कोटींतला किती रुपया व्यसनमुक्तीच्या ओपीडीकडे वळला? एका हाताने बाटली विकायची आणि दुसऱ्या हाताने चिमूटभर गांजावाल्याची कॉलर धरायची, हे नीतीच्या नावाने चालवू नका. गुटख्यावर या राज्यात २०१२पासून बंदी आहे. एसटी स्टँडबाहेरच्या कुठल्याही टपरीवर जाऊन मागा, सुपारीची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी हातात पडते. चंद्रपुरात २०१५ला दारूबंदी आणली, २०२१ला उठवली. शेजारी गडचिरोलीत मात्र बंदीला गावोगावच्या संघटनांची, उपचारांच्या शिबिरांची, मुक्तिपथसारख्या कामाची जोड मिळाली. नुसत्या आदेशाने काही होत नाही, गाव उभं राहिलं तरच होतं.

कातकऱ्यांच्या वाड्यांवर हे जास्त नागडं दिसतं. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते, आठवड्याची खर्ची मालक देतो आणि हातभट्टीची सोय भट्टीच्या आसपासच असते. पावसाळ्याच्या तोंडाला माणूस परत येतो तो उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षीची नवी उचल अंगावर घेऊनच. त्याला दारूचे दुष्परिणाम सांगणारं पत्रक वाटणाऱ्यांचा मला संताप येतो. त्याला जमिनीचा दाखला द्या, गावातच रोजगार हमीचं काम द्या, पोराला शाळेत टिकवा. दारू सुटण्याची सुरुवात तिथून आहे.

उपचारांचं म्हणाल तर महाराष्ट्राला धडा परदेशातून आणायची गरज नाही. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोरं झडायला लागली. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे पुढे केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे दोरी नव्हती. माणसाला माणूस म्हणून वागवणं, घरच्यांना बरोबर घेणं आणि सुटून गेलेल्याच्या मागे वर्षानुवर्षं लागून राहणं, यावर ते उभं राहिलं. चाळीस वर्षं होत आली. त्या धर्तीचं काम प्रत्येक तालुक्यात सरकारी रुग्णालयाला जोडून का झालं नाही? दारू एकदम तोडली तर झटके येऊन माणूस दगावू शकतो, त्याला डॉक्टर लागतो, हे वैद्यकीच्या पहिल्या पानावरचं ज्ञान आहे. हेरॉईनला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे, सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमात ती दिली जाते. एमडीसारख्या उत्तेजकांना उतारा म्हणून गोळी नाही, तिथे महिनोन्महिने समुपदेशन, आणि स्वच्छ राहिलेल्या प्रत्येक आठवड्याला छोटं बक्षीस, ही पद्धत अभ्यासांत सर्वांत चांगली ठरली आहे. या कशालाही पाच मजली इमारत लागत नाही. श्रीवर्धन, माणगाव, पेण, अलिबाग इथे ठरलेल्या वारी एक प्रशिक्षित डॉक्टर, दोन समुपदेशक आणि बंद न होणारा एक फोन लागतो. आणि बांधून ठेवणारी खाजगी केंद्रं मानसिक आरोग्य कायद्याखाली तपासून त्यांना टाळं लावणारा एक सिव्हिल सर्जन लागतो.

मला लगेच विचारतात, मग काय, सगळं मोकळं सोडायचं? नाही. ढेकूचा कारखाना चालवणारा, कंटेनर सोडवणारा, गावात पुड्या पोचवणारा, या तिघांना जन्माची अद्दल घडली पाहिजे, आणि आज ती घडत नाही कारण पोलिसांचे तास खिशातली चिमूट शोधण्यात जातात. पोर्तुगालने २००१ साली थोडा माल बाळगणाऱ्याला फौजदारीतून काढून डॉक्टर आणि समाजसेवकांच्या समितीपुढे उभं केलं आणि सोबत उपचारांवर पैसा ओतला. मृत्यू घटले, एचआयव्ही घटला. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२१ला नुसती शिक्षा काढली, उपचार मागाहून रखडत आले, रस्त्यावर हाहाकार झाला आणि २०२४ला शिक्षा परत आणली. दोन्ही उदाहरणं नीट वाचा. शिक्षा काढण्याआधी दवाखाना उघडा लागतो.

आणि आता गावकीशी बोलतो, कारण सरकारला झोडपून मोकळं होणं सोपं आहे. रायगडातल्या गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्यांमुळे या राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ला लागू झाला. देवळाच्या मानावरून, निवडणुकीतल्या मतावरून, आंतरजातीय लग्नावरून तुम्ही माणसांचं पाणी तोडलंत. पण गावात पुड्या विकणारा कोण हे तुम्हा प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि त्याच्याकडून गणपतीची, पालखीची वर्गणी घेताना तुमचा हात थरथरला नाही. ज्या बंगल्यावर शनिवारी काय चालतं ते माहीत असूनही बंगलेवाल्याने समाजमंदिराला लाद्या दिल्या म्हणून तुम्ही गप्प आहात. आणि जे पोर अडकलं त्याच्या आईला मात्र हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलंत. पंचांनो, तुमच्या शब्दाला गावात आजही वजन आहे. ते चुकीच्या माणसावर पडतंय.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थांसाठी समन्वय समिती आहे, तिच्या बैठका होतात. पुढच्या बैठकीला जप्तीचा तक्ता बाजूला ठेवून सिव्हिल सर्जनला विचारा, या तीन महिन्यांत किती जण मदत मागायला आले आणि किती जण टिकले. पोलीस अधीक्षकांना विचारा, सेवनाच्या किती प्रकरणांत आरोपीला कलम ६४-अ वाचून दाखवलं. शिक्षणाधिकाऱ्यांना विचारा, नववीच्या मुलांची निनावी पाहणी कधी सुरू करता. एमआयडीसीला विचारा, बंद शेडची यादी कुठे आहे. आणि उत्तरं जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे आम्हालाही वाचता येतील.

गावाने तोवर थांबायचं कारण नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. मैदानाला वर्षभर दिवे आणि एक प्रशिक्षक, वित्त आयोगाच्या निधीत बसत नसेल तर गावनिधीतून. भाड्याने जाणाऱ्या प्रत्येक बंगल्याची आणि होमस्टेची ग्रामपंचायतीत नोंद, मालकाच्या फोन नंबरासकट. विकणाऱ्याची वर्गणी घ्यायची नाही. उपचारांवरून परत आलेल्या पोराला होडीवर, बागेत, दुकानात काम द्यायची जबाबदारी पाच घरांनी नावानिशी घ्यायची. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो. पहिली सही कुठला सरपंच करणार, तेवढं कळवा.